नऊ नंबरच्या पलीकडे

घराचा भाव काढायला गेलो की मी आधी दोरी बघतो. कपडे वाळत घालायची दोरी. तिच्यावर लुगडं, टॉवेल, पोरांचे शाळेचे मोजे दिसले की समजायचं, इथे माणसं राहतात. मग दारातली रांगोळी, ओट्यावरच्या चपला. भिंती, छत, फरशी हे सगळं त्याच्यानंतर. आमच्या धंद्यातले तरुण आता ड्रोन उडवतात आणि कॉम्प्युटरवर आलेख काढतात. काढोत बापडे. आलेखात दोरी दिसत नाही.

धंदा म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही तो अजून कळलेला नाही. तो मला दलाल समजतो. मी अमरावतीला एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. ते सोडलं आणि घरबाजाराचा अभ्यास हेच काम धरलं. बँकेला घरावर कर्ज द्यायचं असतं, बिल्डरला नवं काम काढायचं असतं, एखाद्याला बापाचं घर विकून पुण्यात फ्लॅट घ्यायचा असतो. हे सगळे विचारतात, या भागात भाव कुठे चाललेत? मी जातो, बघतो, मोजतो, झालेले सौदे विचारतो आणि अहवाल लिहितो. सरकारी दर वेगळा, दलालाच्या तोंडचा वेगळा आणि ज्याला माणसं खरोखर हात मिळवतात तो वेगळा. तो तिसरा हुडकायचा, एवढंच काम.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असतात. परतवाड्याचे एक गृहस्थ मला दरवर्षी दिवाळीच्या आधी बोलवायचे. घर विकायचं नव्हतंच. शेजाऱ्याच्या घरापेक्षा आपलं महाग आहे, एवढं माझ्या सहीनिशी लिहून हवं होतं. दिलं लिहून, खरंच महाग होतं. त्यांनी तो कागद लॅमिनेट करून बैठकीत, शेजाऱ्याला खुर्चीतून दिसेल असा लावला. पुढच्या वर्षी शेजाऱ्याने वर एक मजला चढवला आणि मला बोलावलं. या लोकांनी माझं घर चालवलं, त्यांना नावं कशी ठेवू?

आपल्या वऱ्हाडात घरांचे दोन बाजार आहेत, हे मी कुठल्याही व्याख्यानात सांगतो. एक राहायच्या घरांचा, दुसरा ठेवायच्या घरांचा. पोरगं पुण्याला किंवा हैदराबादला लागलं की बाप आधी अकोल्यात किंवा अमरावतीत त्याच्या नावाने प्लॉट घेतो. तिथे कोणी राहायला येणार नसतं. "पडून राहील, वाढत राहील," असं म्हणतात. जणू लोणचं मुरतंय. आणि व्याख्यानाच्या शेवटी मी ठामपणे सांगायचो की अशा लेआउटमध्ये पहिलं बिऱ्हाड आलं, दिवा लागला, की भाव चढतो. वस्ती भावाला वर नेते. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की माझ्या बायकोलाही पाठ आहे.

आता अकोल्याचं सांगतो. अकोटच्या रस्त्याला एक लेआउट आहे. नाव सांगत नाही, तिथे राहणाऱ्यांना उगाच त्रास. म्हणजे राहत जवळजवळ कोणी नाही, पण मालक आहेत. त्यातल्या एका बंगल्याचा अहवाल करायला मी दोन वर्षांपूर्वी गेलो. बंगला प्रशांतचा. हा मूळचा अकोटचा, पुण्यात संगणकाच्या कंपनीत. आईवडिलांसाठी म्हणून बंगला बांधला, तोवर वडील गेले आणि आईला त्याने पुण्याला नेलं. वास्तुशांतीच्या दिवशी सगळे आले, जेवले, कुलूप लावून गेले. आता त्याला बंगला विकायचा होता. गिऱ्हाईक ठरलं होतं, गिऱ्हाइकाच्या बँकेला माझा अहवाल हवा होता.

ती रांग नऊ प्लॉटची. एका टोकाला जुनी विहीर, दुसऱ्या टोकाला बगीच्यासाठी सोडलेली मोकळी जागा. मधे सात प्लॉट रिकामे, त्यांवर तुरी उभ्या. मग आठ नंबरला प्रशांतचा बंगला, नऊ नंबरला एक दोन खोल्यांचं घर. त्या घरापुढे दोरी होती आणि दोरीवर पांढरं लुगडं. साऱ्या लेआउटमध्ये तेवढी एकच दोरी.

घर वानखडे सिस्टरांचं. तेल्हाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन मूर्तिजापूरला. रिटायर झाल्यावर सगळी पुंजी त्या घरात घातली. बंगल्याची चावी त्यांच्याकडेच असायची. दर आठवड्याला त्या बंगला उघडून झाडायच्या, खिडक्या मोकळ्या करायच्या आणि देवघरात दिवा लावून यायच्या. प्रशांतच्या आईने जाताना तेवढं सांगितलं होतं म्हणून.

"या जी सर," म्हणाल्या, "चहा आधी घेता का बंगला आधी पाह्यता?"

आधी बंगला पाहिला. सोफ्यावरचं प्लास्टिक तसंच, फ्रिजवरची दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच. मग मोजमाप. माझी एक जुनी खोड आहे, मी दगडांवर विश्वास ठेवत नाही. प्लॉटच्या कोपऱ्यातले नंबरचे दगड आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात वर येतात, उन्हाळ्यात कलंडतात. म्हणून नकाशात जी वस्तू हलू शकत नाही तिथून मी टेप धरतो. इथे विहीर होती. सिस्टर म्हणाल्या, "मी धरतो एक टोक," आणि तुरीतून साडी सावरत माझ्याबरोबर निघाल्या.

एकेक प्लॉट मोजत आम्ही सरकत गेलो. नकाशाप्रमाणे आठवा संपला तेव्हा बंगल्याची भिंत नुकती सुरू होत होती. मला वाटलं, टेप कुठेतरी ढिला पडला. परत विहिरीपासून आलो. तेच. नववा प्लॉट संपला तिथे बंगल्याचं कंपाउंड संपत होतं आणि त्याच्या पलीकडे सिस्टरांचं घर होतं.

सोप्या भाषेत सांगायचं तर प्रशांतचा बंगला सिस्टरांच्या प्लॉटवर उभा होता आणि सिस्टरांचं घर कोणाच्याच प्लॉटवर नव्हतं. ते बगीच्याच्या जागेत होतं. तिथे घर बांधता येत नाही, विकता येत नाही, आणि महानगरपालिकेने मनात आणलं तर ते ठेवताही येत नाही. टेपचं दुसरं टोक अजून त्या बाईच्या हातात होतं.

"काय झालं सर? चेहरा काहून उतरला?"

मी काहीतरी थाप मारणार होतो. पण त्यांनी आयुष्यभर डॉक्टरांचे उतरलेले चेहरे बघितले होते. सांगितलं. त्या दोरीवरच्या लुगड्याकडे बघत ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "अन् मी पायरीले हळदकुंकू लावून घरात गेलती."

असं झालं कसं? दुसऱ्या दिवशी मी महादेवरावांना गाठलं. हे त्या जमिनीचे मूळ कास्तकार. लेआउट पाडणाऱ्याला वावर विकलं आणि त्या पैशाने मुलाला ट्रॅक्टर घेऊन दिला. विकताना बोलणं झालं होतं की घरं होईपर्यंत तुम्हीच पेरा, नाहीतर बाभळी वाढतात. ही आपल्याकडची रीतच आहे, अकोल्यापासून अमरावतीपर्यंत निम्म्या लेआउटमध्ये तूर आणि सोयाबीन उभं असतं. पण ट्रॅक्टरने वखरणी करायची तर नंबरचे दगड आडवे येतात.

"मंग मी काय करू साहेब?" महादेवराव सांगू लागले. "उन्हाया लागला का दगड उपटाचे, धुऱ्यावर नंबरवारी मांडून ठेवाचे. पेरनी झाली का ज्याचा त्याले लावून द्याचे. एक दगड इकडचा तिकडे होऊ देल्ला नाई. लोकाइच्या इस्टेटी आहेत त्या."

"पहिला दगड कुठून लावायचे?"

"विहिरीपासून. दरसाल." मग थांबून म्हणाले, "एका सालीच तेवढं, विहिरीपाशी कुटाराची गंजी होती. मोठी गंजी होती जी, थे काही हलवता येत नव्हती. मंग गंजीच्या पुढून लावला एक नंबर. पुढच्या सालपासून गंजी नव्हती, पन मागच्या सालच्या खुना तं होत्याच ना जागेवर. आता लावलेल्या ठिकानीच लावाचे."

बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं. कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, एका गंजीने सगळा लेआउट एका प्लॉटने पुढे ढकलला होता. प्रशांतच्या मिस्त्रीने आठ नंबरचा दगड पाहून पाया खणला, सिस्टरांच्या मिस्त्रीने नऊ नंबरचा. नकाशे कागदावर मंजूर झाले होते, जागेवर खूण दगडाची. महादेवराव म्हणाले, "सिस्टरनं माह्या नातीले जनमाच्या वक्ती हातात घेतलंतं. आता मी तोंड कसं दाखवू?"

पुढे सरकारी मोजणी झाली. तिनेही तेच सांगितलं. मधल्या काळात मी त्या रिकाम्या सात प्लॉटांच्या मालकांना फोन केले. तुम्ही ज्याला आपला समजता तो प्लॉट तुमचा नाही, तुमचा शेजारचा आहे. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. एकाने विचारलं, "साइज तेवढीच आहे ना?" दुसरा म्हणाला, "रेटवर काही फरक?" एक बाई म्हणाल्या, आम्ही तो मागच्याच वर्षी विकला, कोणाला ते दलालाला विचारा. हे प्लॉट दोनदा-तीनदा हात बदलून गेले होते आणि घेणाऱ्यांपैकी एकही त्या मातीत उभा राहिला नव्हता. मी या लेआउटच्या चढत्या भावाचा आलेख व्याख्यानात दाखवला होता. जी जागा कुठे आहे हे मालकालाच माहीत नाही, तिचा भाव चढत होता आणि मी त्याला मागणी म्हणत होतो.

सिस्टरांना महानगरपालिकेची नोटीस आली. मुदत देऊन जागा मोकळी करायला सांगितलं होतं. गिऱ्हाईक पळालं. तेव्हा प्रशांत पुण्याहून आला. मी मधे बसावं असं दोघांनीही सांगितलं. बैठक सिस्टरांच्या ओट्यावर.

माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याने हिशेब करून आणला होता. तुमच्या प्लॉटचा आजचा भाव देतो, घराचा खर्च देतो, वर थोडे जास्त देतो, तुम्ही नऊ नंबर माझ्या नावाने करून द्या. ऐकायला रास्त होतं. सिस्टर ऐकून घेत होत्या.

"पैशाचं घर कोन बांधन?" त्यांनी विचारलं. "पैसे घेतले, घर पाडलं, मंग मी कुठी राहू? मुलीच्या घरी? अन् आता मिस्तरी, गवंडी पाह्यत मी या वयात फिरू?"

"मग काय म्हणणं आहे तुमचं, मावशी?"

"खरा आठ नंबर तुमचा हाये, थो रिकामा पडला हाये. थो माह्या नावानं करा, त्यावर असंच घर बांधून द्या. असंच, एवढंच. नऊ नंबर तुमाले देतो. पन घर आधी, सई मंग."

प्रशांतचा आवाज चढला. "म्हणजे आज बंगला तुमच्या जागेवर आहे म्हणून तुम्ही मला अडवताय? आईने विश्वासाने तुमच्याकडे चावी दिली होती."

सिस्टर उठल्या, आत गेल्या आणि खिळ्यावरची चावी आणून त्याच्यासमोर ठेवली. "हे घ्या. दिवा उद्यापासून तुमी लावा. विश्वासाचं म्हनान तं मी कधी एक खिडकी उघडी टाकली नाई. पन घर आधी."

मी या धंद्यात मोठमोठ्या वाटाघाटी पाहिल्या, वकील, बिल्डर, पुढारी. एवढा सरळ सौदा कोणी मांडलेला ऐकला नव्हता. प्रशांतने वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, भांडलात तर जिंकालही, पण तेव्हा तुम्ही त्या बाईंच्या वयाचे असाल. त्याने चावी उचलली, परत खाली ठेवली आणि म्हणाला, "ठीक आहे. पण चावी तुमच्याकडेच राहू द्या."

घर बांधलं जात असताना मी अकोल्याला गेलो की चक्कर टाकायचो. सिस्टर रोज भिंतींवर पाणी मारताना दिसायच्या, मिस्त्रीला ओरडताना दिसायच्या. महादेवराव कोणी न सांगता येऊन विटा उचलू लागायचे. मुदत आणि बांधकाम यांची शर्यत लागली होती. पावसाने काम अडकलं तेव्हा मीच महानगरपालिकेत जाऊन मुदत वाढवून मागितली. ती मिळेपर्यंत मला झोप नव्हती. माझा त्यात एक पैशाचा संबंध नव्हता, पण ते घर वेळेत उभं राहिलं नसतं तर मी पुन्हा कुठल्या स्टेजवर घरबाजार हा शब्द उच्चारू शकलो नसतो. स्लॅबखालचे टेकू निघाले, दार बसलं, त्यांनी सामान हलवलं आणि दुसऱ्याच दिवशी दुय्यम निबंधकाकडे जाऊन सही केली. बोलल्याप्रमाणे.

मग जुनं घर पाडायचा दिवस आला. मी मुद्दाम अमरावतीहून गेलो. वाटलं, बाई एकट्या आहेत, कोणीतरी सोबत हवं.

पोचलो तर तिथे गाड्यांची रांग. मला वाटलं, काही अपघात झाला. ते रिकाम्या प्लॉटांचे मालक होते. कोणी नागपूरहून आलेलं, कोणी संभाजीनगरहून, एक जोडपं विमानाने नागपूरला उतरून टॅक्सीने. आयुष्यात पहिल्यांदा आपापली जागा बघायला आले होते. त्यांना गोळा केलं होतं बंटीभाऊने. हा त्या भागातला दलाल. हातात लेआउटचा नवा रंगीत नकाशा, त्यात बगीच्याच्या जागी हिरवा रंग आणि एक कारंजं.

"सर, तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "आजपासून सगळी लाइन गार्डनवाली. प्रशांतभाऊचा बंगला तं डायरेक्ट गार्डन फेसिंग. तिकडे थे घर पडून राह्यलं अन् इकडे दोन पार्ट्या बोली वाढवून राहिल्या. तुमच्या रिपोर्टात तेवढं लिहा."

मी म्हणालो, बगीच्याचं अजून रोपटंही नाही.

"नसन. पन घर तं गेलं ना मधातून."

मला धक्का बसला तो इथे. मी सौदे तपासले, इकडेतिकडे विचारलं. बंटीभाऊ खरं बोलत होता. ज्या दिवशी त्या रांगेतलं पहिलं राहतं घर पाडलं, त्या दिवशी भाव चढला. मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं की वस्ती भावाला वर नेते. इथे वस्ती भावाच्या आड येत होती, जसा महादेवरावांच्या वखराच्या आड दगड यायचा. आणि जो तिसरा भाव हुडकायची मी जणू शपथ घेतली होती, तो हाच होता. मी अहवालात तो लिहिला. खोटं लिहिता येत नव्हतं.

सिस्टर नव्या घराच्या पायरीवर उभ्या होत्या. जेसीबीने जुन्या घराची मागची भिंत ढकलली आणि स्वयंपाकघराचा निळा रंग उघड्यावर आला. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या बघत होत्या. मी जवळ जाऊन भाव वाढल्याचं सांगितलं, का कोण जाणे, सांगून टाकलं.

"माह्याई घराचा वाढला असन मंग?"

"थोडा वाढला असेल."

"मले तं विकाचंच नाई. माह्यासाठी टॅक्स वाढला, दुसरं काय."

तेवढ्यात ते विमानाने आलेलं जोडपं आपला प्लॉट शोधत आमच्यापाशी आलं. उन्हात लाल झालेले, चांगले सज्जन लोक. गृहस्थांनी सिस्टरांकडे, त्यांच्या हातातल्या झाडूकडे आणि मागच्या ओल्या गिलाव्याच्या भिंतीकडे पाहिलं आणि फार आदराने विचारलं, "मावशी, तुम्हाला इथे राखणीला कोणी ठेवलंय? आमच्याही प्लॉटकडे लक्ष ठेवाल का?"

"राखनीले नाई जी," सिस्टर म्हणाल्या. "मी राह्यतो इथी."

गृहस्थांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहता?" ते म्हणाले. "इथे?"